मागच्या ॲक्सलचं बूच

आमचं गॅरेज बेळगावातून खानापूरकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. मी आणि माझा थोरला भाऊ, असे दोघंच ते चालवतो. भावाला मी अण्णा म्हणतो. घर वडगावात, तिथं वडिलांचे दोन पॉवरलूम अजून चालतात. मागावर आम्हा दोघांचंही मन रमलं नाही. आमच्याकडं जास्त करून जुन्या जीपा येतात, चारही चाकांना ताकद जाणाऱ्या. खानापूरच्या पुढं जंगलात ज्यांना रोज जावं लागतं, त्यांचं अशा गाडीशिवाय चालत नाही.

त्यातली एक जीप गुरांच्या डॉक्टरबाईंची होती. साठी ओलांडलेल्या, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, शहरातल्या जुन्या घरातल्या. निवृत्तीनंतरही त्या जंगलातल्या गावांना जायच्या थांबल्या नव्हत्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्या माझ्याशी अहोजाहो बोलायच्या आणि काम चालू असताना शेजारी स्टूल टाकून बसायच्या. पावसाळ्यात दर महिन्याला गाडीचं तेल तपासून घ्यायच्या, कारण वाटेत ओढे होते आणि चाकं अर्धी बुडतील एवढ्या पाण्यातून त्यांना जावं लागायचं.

या गाड्यांना पुढं एक आणि मागं एक ॲक्सल असतो. त्याच्या आत गिअर फिरतात आणि ते तेलात बुडालेले असतात. गाडी पळाली की तेल तापतं, आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला एक बारीक भोक ठेवलेलं असतं, त्याला ब्रीदर म्हणतात. गाडी पाण्यात उतरली की तापलेला ॲक्सल एकदम गार होतो आणि हवा उलटी आत ओढली जाते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं आणि तेल दूध घातल्यासारखं पांढरट होतं. म्हणून आम्ही त्या भोकाला रबरी नळी जोडून तिचं तोंड वर बॉनेटच्या आत नेऊन बांधतो. मॅडमच्या जीपला अशा तीन नळ्या होत्या: पुढच्या ॲक्सलची, गिअरबॉक्सची आणि मागच्या ॲक्सलची.

गणपती होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मॅडमची जीप आदल्या दिवशी आली होती. मी तिन्ही ठिकाणचं तेल बदललं, मागच्या नळीला तडा गेला होता म्हणून ती नवीन घातली. सकाळी गाडी खालून जोराच्या पाण्यानं धुतली. धुताना नळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून मी त्यांच्या तोंडाला बुचं लावायचो. ती बुचं मॅडमनीच दिलेली होती, इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी. काम झालं की काढून खिडकीतल्या बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात ठेवायची, ही माझी पद्धत.

पुढचं बूच काढलं, गिअरबॉक्सचं काढलं, दोन्ही झाकणात टाकली, आणि आईचा फोन आला. वडिलांचा हात मागाच्या पट्ट्यात सापडला होता. आई एवढंच बोलली आणि रडायला लागली. अण्णा सामान आणायला बाजारात गेला होता. मी बॉनेट बंद केलं, त्याला फोन करून सांगितलं आणि मोटरसायकल काढून वडगावला पळालो.

वडिलांच्या दोन बोटांची सालं गेली होती, बाकी काही नव्हतं. दवाखान्यात पट्टी बांधून घेतली. वडील मलाच रागावले, काम सोडून कशाला आलास म्हणून. मी हलक्या मनानं परत निघालो. साडेअकराला गॅरेजमध्ये पोचलो तर जीपची जागा रिकामी होती. अण्णानं सांगितलं, मॅडम घाईत आल्या होत्या. खानापूरच्या पुढच्या एका गावात गाय अडली होती, त्या किल्ली घेऊन लगेच गेल्या. गाडी धुतलेली, बॉनेट बंद, म्हणजे काम झालं असं तो समजला.

मी हात पुसायला फडकं घ्यायला खिडकीशी गेलो. झाकणात दोनच बुचं होती.

मी खाली वाकून फरशी बघितली, खिसे बघितले, नळाजवळ बघितलं. तिसरं बूच कुठं आहे हे मला पहिल्यापासून कळलं होतं, तरी शोधत होतो.  मागच्या ॲक्सलचा श्वास बंद करून मी ती गाडी घाटवाटेला सोडली होती. तेल तापलं की हवेला वाट मिळणार नाही, ती चाकाजवळचं सील ढकलून तेल बाहेर काढणार, आणि ते तेल सरळ ब्रेकवर जाणार. वाट उताराची आणि पावसानं ओली.

मॅडमना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. खानापूर सोडलं की त्या बाजूला फोनला रेंज नसते, हे मला माहीत होतं. पाच वेळा लावला.

अण्णाला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, पण तो आधी माझ्यावरच चिडला. गाडीचं काम राहिलंय हे फोनवर सांगायला काय झालं होतं, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, देण्याआधी बॉनेट उघडून बघायला काय झालं होतं. आम्ही दोघं थोडा वेळ असेच एकमेकांवर ढकलत राहिलो. मग मी एक लिटर गिअर तेलाचा डबा, पाने आणि पॉलिश पेपर पिशवीत भरायला लागलो.

अण्णा दारात आडवा उभा राहिला.

"एवढ्यात काय हुतंय? लई झालं तर थोडं तेल गळंल. संध्याकाळी गाडी आली की गुपचूप काढू. आपल्या तोंडानं सांगत सुटलास तर उद्या कोण गाडी आणून लावणार हितं?"

"आणि उतारावर ब्रेक न्हाय लागला तर?"

त्यावर तो बाजूला झाला.

मोटरसायकल जेवढी पळेल तेवढी पळवली. पाऊस नव्हता, पण ढग खाली आले होते. हिशोब मनात चालूच होता: त्या दहाच्या सुमारास निघाल्या असतील, तर आत्ता कुठं असतील. समोरून प्रत्येक जीप आली की त्यांचीच वाटायची. खानापुरात एका चहाच्या टपरीवर त्या नेहमी थांबतात हे ऐकून होतो. टपरीवाला म्हणाला, आल्या होत्या, चहासुद्धा पुरता न पिता गेल्या. गाडी कुठं लावली होती ते त्यानं दाखवलं. तिथं चिखलात हाताच्या पंज्याएवढा डाग होता, वर रंगांची साय धरलेला. मी बोट बुडवून वास घेतला. गिअरच्या तेलाला गंधकाचा उग्र वास असतो, तो इंजिनाच्या तेलाला नसतो. तोच वास होता. डावीकडच्या मागच्या चाकाखाली.

तोपर्यंत कुठंतरी मनात वाटत होतं की बूच आपोआप उडालं असेल. आता ती आशा राहिली नाही.

पुढं जंगल खात्याचा नाका लागला. तिथल्या गार्डनं मला थांबवून कन्नडमध्ये कुठं, कशाला, असं सगळं विचारलं आणि वहीत नंबर लिहायला बसला. मी कन्नडमध्येच सांगितलं की पुढं गेलेल्या जीपचा ब्रेक बिघडलाय. तेव्हा त्यानं लिहिणं सोडून फळी वर केली. जीप तासाभरापूर्वी गेली होती, असं तो म्हणाला.

नाक्यापुढचा रस्ता लाल मातीचा. शेवटी गावाच्या अलीकडं उतार लागतो, खाली ओढा, ओढ्यापलीकडं गाव. उताराच्या उजव्या अंगाला मातीची दरड आणि डाव्या अंगाला काहीच नाही, सरळ खाली ओढ्याचं पात्र. मी मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये टाकून हळूहळू उतरायला लागलो. अर्ध्यावर चाकांचे ओरखडे दिसले. चाकं न फिरता घसरत गेली की मातीत जशी सलग रेघ उमटते तशी रेघ, आणि ती सरळ नव्हती. वळणापुढचं मला दिसत नव्हतं. त्या वळणापर्यंतचे वीस-पंचवीस पावलांचं अंतर मी कसं गेलो ते मला आठवत नाही. गाडी चालवत गेलो की ढकलत, तेही आठवत नाही.

जीप उजवीकडच्या दरडीत तोंड खुपसून उभी होती. आत कोणी नव्हतं.

मी हाका मारल्या. ओढ्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू आलं नाही. सीटवर रक्त नव्हतं, स्टेअरिंगवर नव्हतं, समोरच्या काचेला तडा गेला होता. औषधांची पेटी गाडीत नव्हती. मग चिखलात पावलं दिसली. दोघांची, खाली ओढ्याकडं गेलेली. एक चपलांची आणि एक गमबुटांची. मॅडम पावसाळ्यात गमबूट घालायच्या. त्या चालत गेल्या होत्या. मी तिथंच दरडीला टेकून उभा राहिलो.

बॉनेट उघडलं. नळीच्या तोंडात काळं बूच होतं, मी बसवलं होतं तसंच. ओढून काढलं तर फुस्स करून कोंडलेली हवा तोंडावर आली आणि तोच गंधकाचा वास. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं तेल ओघळून टायरवर उतरलं होतं. डाव्या चाकाचा ब्रेक तेलानं गेला, उजव्याचा राहिला, म्हणून गाडी उजवीकडं ओढली गेली. उजव्या बाजूचं सील आधी सुटलं असतं तर गाडी डावीकडं गेली असती. कुठलं सील आधी सुटावं, हे काही माझ्या हातात नव्हतं.

ओढा मांडीएवढ्या पाण्यातून ओलांडला. गावात पहिल्याच घराच्या गोठ्यापुढं माणसं जमली होती. आत मॅडम गुडघ्यांवर बसल्या होत्या, उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात, कपाळाला ओढणीची घडी बांधलेली, आणि तिच्यावर रक्ताचा डाग. त्यांनी मान वळवून मला बघितलं. हा इथं कसा, असं काही विचारलं नाही. दोरी धरायला माणूस पाहिजे होता, त्यांनी नजरेनंच दोरी दाखवली.

मी सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं आणि दोरी धरली. माझ्या पुढं गाईचा मालक होता, पन्नाशीचा शेतकरी, तोच मॅडमना आणायला फाट्यावर थांबला होता आणि जीपमध्येही त्यांच्याबरोबर होता. वासराची मान आत मागं वळली होती. मॅडम ती सरळ करायला बघत होत्या. त्या ओढा म्हणाल्या की आम्ही ओढायचो, थांबा म्हणाल्या की थांबायचो. गाय आता ओरडतही नव्हती, नुसती धापा टाकत होती. बाहेरच्या बायकांत कोणीतरी म्हणालं, सकाळी पाय हलवत होतं. मी ते ऐकलं. मालकानंही ऐकलं असणार, त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती.

किती वेळ गेला माहीत नाही. वासरू बाहेर आलं तेव्हा मॅडमनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, मागचे पाय धरून उलटं केलं, छाती चोळली, कानाला हात लावून बघितलं. पुन्हा छाती चोळली. मग हळूच खाली ठेवलं आणि लगेच गाईकडं वळल्या, कारण गाय वाचवायची होती. गाय वाचली.

त्या हात धुवायला बाहेर दगडावर आल्या तेव्हा मी पाण्याची कळशी ओतत होतो. तिथंच सांगितलं. बूच कसं राहिलं, तेल कसं बाहेर आलं, ब्रेक का लागला नाही, सगळं. आईचा फोन आला होता हे मी सांगितलं नाही, ते सबब सांगितल्यासारखं झालं असतं. त्या कोपरापासून खाली साबण चोळत होत्या. ऐकताना हात थांबले नाहीत.

शेवटी मी विचारलं, "मॅडम, गाडी खालीपर्यंत आली असती, वेळेत पोचला असता, तर वासरू..."

"मी पोचले तेव्हा ते जिवंत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आधी कधी गेलं ते मला सांगता येणार नाही. उगाच हो पण म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही."

मला यातलं काहीतरी एक पाहिजे होतं. तुमच्यामुळंच गेलं असं म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं, असं त्या वेळी वाटलं. आता वाटत नाही.

त्यांनी हात पुसले आणि मला विचारलं, "मला सांगितलंत ते बरं केलंत. यांना कोण सांगणार?"

मालक गोठ्याच्या दारात बसून होता. त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि त्यालाही तेच सगळं सांगितलं. या वेळी जास्त अवघड गेलं. ब्रीदर म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागलं, आणि प्रत्येक वाक्याबरोबर ती चूक अजून क्षुल्लक आणि अजून मोठी वाटत गेली. त्याची बायको दाराआडून ऐकत होती. तो मग म्हणाला, "उतारावर मीबी गाडीतच हुतो. दोघंबी गेलो असतो." आणि थोड्या वेळानं, "गाडी वर चढंल काय? बाईस्नी अंधार व्हायच्या आत घराकडं पोचवाय पायजे."

एवढंच. रागावला असता तर मला खाली मान घालून ऐकता आलं असतं.

तो पहार घेऊन, गावातल्या दोघांनाही हाक मारून माझ्याबरोबर आला. पहारीनं आम्ही टायरला टेकलेला पत्रा बाहेर ओढला, दोरखंड लावून चौघांनी गाडी दरडीतून मागं घेतली. मी मागचं चाक आणि ब्रेकचा ड्रम काढला, मोटरसायकलच्या टाकीतलं पेट्रोल घेऊन तेल धुतलं, पॉलिश पेपरनं घासलं. तेल प्यालेला ब्रेक धुऊन पुरता कामाचा होत नाही, हे मी मॅडमना सांगितलं. वाट परत चढाचीच होती आणि लहान गिअरमध्ये हळू जायचं होतं, म्हणून धाडस केलं. आणलेलं तेल मागच्या ॲक्सलमध्ये भरलं. माझी मोटरसायकल तिथंच राहिली, कारण मी त्यांना एकटं पाठवणार नव्हतो.

वाटलं होतं, त्या किल्ली माझ्याकडं देतील. त्या स्वतः बसल्या. मी शेजारी. चढ संपून सपाटी लागल्यावर त्यांनी तीनदा मुद्दाम ब्रेक दाबून बघितला आणि तिन्ही वेळा गाडी थोडी उजवीकडं गेली. तिन्ही वेळा त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. खानापूरला मोठा रस्ता लागला. तिथं त्यांनी कपाळ दाखवायला एका डॉक्टरकडं गाडी थांबवली. तीन टाके पडले.

गॅरेजमध्ये अण्णा फाटकाशी उभा होता. त्यानं त्यांचं कपाळ बघितलं, गाडीचं तोंड बघितलं. मग पुढं होऊन म्हणाला, "मॅडम, किल्ली मी दिलती. न बघता दिलती." मला वाटलं नव्हतं तो असं काही म्हणेल. त्या मान हलवून रिक्षात बसल्या. त्या रात्री आम्ही दोघं भाऊ ताटाला ताट लावून जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकल आणायला बसनं गेलो. फाट्यावरून दीड तास चालत. मालक शेतात होता. त्यानं माझ्या गाडीवर ताडपत्री घालून ठेवली होती. त्याच्या बायकोनं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. गाय गोठ्यात उभी होती, हिरवा चारा खात होती. मी निघताना तिनं स्टीलचा एक डबा आणून दिला, झाकण फडक्यानं बांधलेलं. आत गाईचा चीक होता. डॉक्टरबाईंना द्या, खरवस करून खातील, असं ती म्हणाली. वासरू नाही तरी चीक काढावा लागतोच. मी तो डबा घ्यायला हात पुढं केला, पण तिच्या तोंडाकडं बघू शकलो नाही.

डबा हँडलला टांगून बेळगावपर्यंत आलो, खड्डे चुकवत. मॅडमच्या घरी गेलो तर त्यांनीच दार उघडलं. कपाळावर पट्टी, डोळ्याखाली निळं झालेलं. डबा घेतला, कुणी दिला ते ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला: "गाईनं जार टाकला का?"

जार म्हणजे वासरामागून पडायची वार. ती पडली का, मला माहीत नव्हतं. गोठ्यात उभा राहून आलो होतो, चारा खाताना बघितली होती, पण ते विचारायचं सुचलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, जार आत राहिला तर गाय चार दिवसांत जाऊ शकते. चला, लावा फोन.

त्यांनी मालकाचा नंबर दिला, मी त्यांच्या पायरीवर उभा राहून लावला. लागला नाही. दुसऱ्यांदाही लागला नाही. त्या डबा हातात धरून दारातच उभ्या होत्या, आत गेल्या नाहीत, मला बसाही म्हणाल्या नाहीत. चौथ्यांदा रिंग गेली. मालक शेतातून घराकडं येत होता, चढावर होता म्हणून रेंज मिळाली होती. मी विचारलं.

"टाकला की," तो म्हणाला. "पहाटेच टाकला. पुरून आलोय."

मी ते मॅडमना सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि मग म्हणाल्या, दोन्ही बाजूंची सीलं बदला, नुसतं डाव्या बाजूचं नको.

मी हो म्हणालो आणि गॅरेजकडं निघालो.